सावली पडणारी हडळ

लिहून ठेवणार : प्रभुलिंग बाळाप्पा आरबोळे, वय वर्षे ५२, धंदा नोकरी (मोल्डर, शिरोली एमआयडीसीतील एक फौंड्री), राहणार उचगाव, ता. करवीर, जि. कोल्हापूर.

मी वर नाव दिलेला इसम असे लिहून ठेवतो की, आज हे लिहिताना मी पूर्ण शुद्धीवर आहे. कुणी धाक घातलेला नाही, कुणी गोड बोलून लिहून घेत नाही आणि मी कसलीही नशा केलेली नाही. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. त्यात माझं डोकं शाबूत असल्याचं लिहिलं आहे. फुप्फुसांबद्दल जे लिहिलं आहे ते वेगळं आहे. सव्वीस वर्षं साच्याची वाळू नाकातोंडात गेली, ती आता आतच बसली आहे आणि जिना चढू देत नाही. म्हणून वेळेत लिहितो. मजकूर माझा, शुद्धलेखन आमच्या गल्लीतले निवृत्त शिक्षक हंबीरराव गुरुजी यांचं. माझी भाषा घसरली की ते लाल शाईनं दुरुस्त करणार असं ठरलं होतं. दोन पानं झाल्यावर त्यांनी तो लाल पेन खाली ठेवला.

कलम १. माझी एकुलती एक वारस म्हणजे माझी मुलगी कु. रक्षिता, वय १८, सध्या राहणार गडहिंग्लज, तिचे मामा वीरेश घुगरी यांच्या घरी. उचगावचं दोन खोल्यांचं घर, परसातल्या शेवग्यासह, मी तिला देतो. तीन वर्षांची असल्यापासून ती या घरात आलेली नाही. त्याचं कारण लपवण्यासारखं नाही, म्हणून इथंच सांगतो. या घरात एका पिक्चरची व्हिडिओ कॅसेट आहे. रक्षिताची आई, माझी लिंगैक्य (वारलेली) पत्नी शिवम्मा, त्या पिक्चरमध्ये हडळ झालेली आहे. मी पोरीला परत आणायला गेलो तेव्हा वीरेश उंबऱ्यात उभा राहून म्हणाला, "दाजी, ती कॅसेट जाळा आनि पोरगी घिऊन जावा. कॅसेट हाय तवर पोरगी त्या घरात पाय ठेवणार न्हाय." मी कॅसेट जाळली नाही.

रक्षिता दहा वर्षांची असताना दिवाळीला मी गडहिंग्लजला गेलतो. मला सोडायला ती एसटी स्टँडवर आली. शाळेतली पोरं तिला हडळीची पोर म्हणत होती. तिनं माझा शर्ट धरून विचारलं, "अप्पा, अव्वा भूत झाली व्हय?" मी "न्हाय गं" म्हणालो, तेवढ्यात कोल्हापूरची गाडी लागली आणि मी चढलो. पोरीला नुसतं न्हाय म्हणून भागत नाही, का न्हाय ते सांगावं लागतं. आठ वर्षं झाली, मला ते तिच्या तोंडावर सांगता आलेलं नाही. हे मृत्युपत्र त्यासाठी आहे. घरदार, पैसे वगैरे मध्ये येतंय ते कायद्यासाठी.

कलम २. फौंड्रीतला फंड आणि पोस्टातलं खातं, सगळं रक्षिताच्या नावे आहे. कागद कपाटाच्या वरच्या खणात. किल्ली कपाटालाच असते.

कलम ३. माझी थापी आणि वाळू ठासायची ठासणी फौंड्रीत माझ्या जागी जो येईल त्याला द्यावी. त्याला सांगावं, नाकाला फडकं बांध. मलाही दहा जणांनी सांगितलं होतं.

कलम ४. माझं डोकं शाबूत आहे यावर ज्यांचा विश्वास नाही, त्यांचा तो वाईट पिक्चरमुळं उडाला आहे, हे मला ठाऊक आहे. म्हणून जाहीर करतो की मी आयुष्यभर वाईट पिक्चर बघितले, तिकीट काढून बघितले, आवडीनं बघितले आणि मला त्याची तिळमात्र लाज नाही. त्यातही भुताचे विशेष. नाग म्हणून पाण्याचा पाइप ओढत नेलेला मी बघितला आहे. कवटीत लुकलुकणारा बल्ब बघितला आणि बल्बची वायरही बघितली. तिरडीवरच्या मढ्याला शिंक आलेली बघितली. शंभर वर्षांपूर्वीचा सरदार घोड्यावरून चालला होता आणि मागच्या रस्त्यानं लाल एसटी गेली, तेव्हा "आजऱ्याची गाडी!" म्हणून थेटरात ओरडला तो मीच.

आमची सुट्टी सोमवारची. सोमवारी बाराचा खेळ, स्टेशनजवळच्या थेटरात. शिवम्मा लग्न होऊन आली तेव्हा तिला पहिल्यांदा घेऊन गेलो आणि मनात आलं, की ही आता मला काय समजणार. मध्यंतराच्या आधीच तिनं माझ्या बरगडीत कोपर खुपसलं. "अहो, बघा की! भुताच्या हातात घड्याळ!" पदर तोंडात कोंबून ती इतकी हसली की पुढच्या रांगेतला पावणा वळून बघायला लागला. त्या दिवशी मला कळलं की आमचं जमणार.

शहाणी माणसं विचारतात, असल्यात काय बघतोस? मी मोल्डर आहे, माझ्या धंद्यातलं सांगतो. चांगल्या कास्टिंगवर कुणाचा हात दिसत नाही, शंभर नग एकसारखे. रिजेक्ट झालेला नग उचलून बघा. इथं वाळू ढिली ठासली, इथं लोखंडाचा रस ओतताना हात थरथरला. कुणाचं काम आहे ते मी नाव घेऊन सांगतो. वाईट पिक्चरचं तसंच आहे. चुकलं की माणूस दिसतो आणि मला माणूस बघायला आवडतो. गुरुजी इथं म्हणाले, "प्रभुलिंग, हे मृत्युपत्रात कशाला?" मी म्हणालो, "मग कुठं लिहू, रेशनकार्डावर?"

कलम ५. टीव्ही शेजारचे बाळासो यांना द्यावा. गेली बारा वर्षं ते माझ्या खिडकीत येऊन म्हणतात, "काय ओ प्रभुअण्णा, असलं काय बघताय? जरा चांगलं बघा की!" आणि पिक्चर संपेपर्यंत खिडकीतून हलत नाहीत. आता त्यांचे गुडघे दुखतात. त्यांनी बसून बघावं. व्हीसीआर देत नाही, तो कलम ९ साठी लागणार आहे.

कलम ६. आता त्या पिक्चरबद्दल. नाव 'सातव्या विहिरीची हडळ'. पिक्चरमध्ये विहीर एकच आहे.

फेब्रुवारी १९९२, सोमवार. उचगावच्या पुढं माळावर शूटिंग आलंय असं कळलं. शिवम्मानं नुकतेच केस धुतले होते. ओले केस तसेच मोकळे सोडून, रक्षिताला काखेला मारून आम्ही बघायला गेलो. हडळीचं काम करणारी बाई विहिरीच्या कठड्यावर चढायला तयार नव्हती, रुसून गाडीत बसली होती. दिग्दर्शकाची नजर शिवम्माच्या केसांवर गेली. "बाई, तेवढं उभं राहाल काय?" शिवम्मा माझ्याकडं बघून हसली आणि म्हणाली, "ऱ्हाते की! जित्तेपणी भूत व्हायला कुणाला मिळतंय?"

पण आम्ही लिंगायत, आमच्यात प्रत्येकाच्या गळ्यात इष्टलिंग असतं. पूजेला तळहातावर घ्यायचं तेवढंच, एरवी अंगावरून उतरवायचं नाही. माणूस गेला की ते त्याच्या हातात ठेवूनच पुरतात. लिंग अंगावर नसेल तर अन्न नाही, पाणी नाही. दिग्दर्शक म्हणाला, "गळ्यातलं काढा बाई. गळ्यात देव घातलेल्या हडळीला कोण भिणार?" शिवम्माचा चेहरा उतरला. तिनं माझ्याकडं बघितलं. तिथं मी नको म्हणायला पाहिजे होतं. मी म्हणालो, "काढ की. घटकाभराचं काम हाय. मी धरून उभा ऱ्हातो." मला माझी बायको पडद्यावर बघायची होती. हा माझा गुन्हा आहे आणि मी तो इथं कबूल करतो.

घटकाभराचं काम दिवसभर चाललं. प्रसंग रात्रीचा होता, पण त्यांच्याकडं दिवे नव्हते, म्हणून कॅमेऱ्यापुढं निळी काच लावून भर उन्हात रात्र केली होती. ढग आला की थांबायचं, नायकाची मिशी सुटली की थांबायचं. शिवम्मा अकरा वाजल्यापासून उन्हं कलेपर्यंत उभी होती आणि लिंग माझ्या मुठीत होतं म्हणून तिनं पाण्याचा थेंब घेतला नाही. मी तिच्यादेखत युनिटची मिसळ खाल्ली. शेवटचा शॉट झाल्यावर तिनं हातपाय धुतले, लिंग मागून घेतलं, कठड्यावर बसून पूजा केली आणि मग तांब्याभर पाणी एका दमात प्यायली. घरी येईपर्यंत हसतच होती.

ऑक्टोबरात तिला कावीळ झाली आणि बारा दिवसांत ती गेली. वय सव्वीस. मातीच्या वेळी वीरेश सगळ्यांपुढं म्हणाला, "लिंग काढलं तवाच ती गेलती, दाजी. तुमी आज नुसतं पुरताय." डॉक्टर म्हणाले, कावीळ पाण्यातून आली. मी डॉक्टरांचं खरं मानतो. पण पंधरा वर्षं झाली, तांब्या तोंडाला लावला की मला वीरेश ऐकू येतो.

कलम ७. थेटरातल्या दोन जोडखुर्च्या, लोखंडी पायांच्या, माझ्या बाहेरच्या खोलीत आहेत. त्या फौंड्रीतला माझा सोबती आकाराम याला देतो.

पिक्चर मे १९९३ ला लागला आणि चार दिवसांत उतरला, कॅसेट निघाली ती मागाहून. चारही दिवस रजा टाकून मी सगळे खेळ बघितले. थेटर खदखदून हसत होतं. नायक एकीकडं उभा, हडळ बघतेय भलतीकडंच. "अगं बाई, गिऱ्हाईक हिकडं हाय!" कुणी तरी ओरडलं. निळ्या रात्रीत हडळीची ही मोठी सावली पडलेली. "आरं, भुताची सावली पडली रं!" मग शिट्ट्याच शिट्ट्या. मीही हसलो. सात महिन्यांपूर्वी पुरलेली बायको पडद्यावर आणि मी डोळे पुसत पुसत हसलो. कुणाला ते विचित्र वाटलं तर वाटो. शिवम्मा शेजारी असती तर सगळ्यांच्या आधी तीच ओरडली असती.

त्या खुर्च्यांवरून माणूस उठला की बैठक स्प्रिंगनं आपोआप वर जाते. चौथ्या दिवशी बाराच्या खेळाला माझ्या डावीकडच्या खुर्चीची बैठक खाली होती. तिथं कुणी बसलेलं नव्हतं. खेळ संपेपर्यंत ती खालीच राहिली आणि मी उठलो तशा दोन्ही बैठका एकदम वर गेल्या. आमच्यात भूत होत नाही. माणूस गेला तो लिंगात मिळाला, मागं काही उरत नाही, असं स्वामीजी सांगतात आणि मी ते मानतो. तरी जे बघितलं ते लिहितो. २००३ मध्ये थेटर बंद पडून सामान विकायला निघालं, तेव्हा रांग आणि नंबर बघून मी त्याच दोन खुर्च्या आणल्या. स्प्रिंग खोलून बघितली, चांगली आहे. पाच वर्षं दर सोमवारी बारा वाजता मी उजवीकडं बसून पिक्चर लावतो. डावीकडची बैठक पुन्हा एकदाही खाली आली नाही. मी वाट बघतो. हे वाक्य गुरुजींनी खोडू नये.

शिवम्मा गेल्यावर सोमवारी माझ्याबरोबर आकाराम येत राहिला. त्याला भुताची खरोखर भीती वाटते. डोळे गच्च मिटून बसायचा आणि "संपलं का? संपलं का?" विचारायचा, पण मला एकटं सोडलं नाही. साक्षीदाराला काही देऊ नये असं वकील म्हणाले, म्हणून त्याची सही खाली नाही. या मृत्युपत्राप्रमाणे सगळं पार पाडायचं काम मात्र त्याच्याकडं. खुर्च्यांना अट एकच. त्यानं उजवीकडं बसावं. डावीकडची बैठक कधी खाली दिसली तर पळून जाऊ नये, वहिनी म्हणून नमस्कार करावा.

कलम ८. वीरेश घुगरी यांच्याशी माझं वैर आहे. ते मी कुणाला वाटून देत नाही, माझ्याबरोबर नेतो. वीरेश, माझी पोर तू वाढवलीस, शिकवलीस, आजारात उशाशी बसलास. त्यासाठी मी तुझ्या पायावर डोकं ठेवायला पाहिजे होतं. ठेवलं नाही, कारण तूच तिला तिच्या आईची भीती घातलीस. तुझी बहीण गेली होती, तुलाही कुणाला तरी धरून भांडायचं होतं, हे मला आता कळतंय. त्या वेळी कळत नव्हतं.

आता एक मागतो. शिवम्मा तुमच्या शेतात आहे. आमच्यात माणसाला आडवं करत नाहीत, बसवून पुरतात. तिच्या उजव्या बाजूला मला बसायला जागा दे. थेटरात आम्ही तसेच बसायचो. कॅसेटसाठी मी तुझ्यापुढं मान झुकवली नाही, या जागेसाठी झुकवतो. माझं लिंग माझ्या हातात ठेवायचं विसरू नका.

कलम ९. राहिली ती कॅसेट. ती, तिच्यावरून आकारामच्या ओळखीनं करून घेतलेली सीडी आणि व्हीसीआर मी रक्षिताला देतो. काहीही अट नाही. बाळ, जाळायची असेल तर जाळ, ती तुझी आहे. गेल्या दिवाळीला तू मला म्हणालीस, "अप्पा, मला न्हाय बघायचं ते. मला भ्या वाटतंय." आता मी नसेन, तेव्हा एकदा ऐकून घे.

मामा म्हणतो की अप्पानं पोरीपेक्षा कॅसेट जवळ केली. खरं आहे. तू तिकडं सुखात वाढत होतीस आणि कॅसेट जळली की परत मिळणार नव्हती, असा हिशोब मी केला. तुझं बालपण पण परत मिळणार नव्हतं, ते त्या हिशोबात धरलं नाही. त्याबद्दल मला माफ कर. पण मी काय राखून ठेवलं ते बघून मग ठरव.

दिवसा लाव. बागेतली गाणी सोडून दे, तीही बघण्यासारखी आहेत, पण मागाहून. एक तास बारा मिनिटांनी विहीर येते. तिथं आवाज बंद कर. ते किंचाळणं तुझ्या आईचं नाही, मुंबईच्या कुठल्या तरी बाईचं मागाहून भरलेलं आहे. आता नुसती आईकडं बघ. ती नायकाकडं बघत नाही, लोक त्यालाच हसले. ती कॅमेऱ्याच्या बाजूला बघतेय. तिथं मी उभा होतो, एका मुठीत तिचं लिंग आणि दुसऱ्या हातानं कडेवर तू. तू अडीच वर्षांची. आईच्या तोंडाला पांढरी पावडर, डोळ्यांखाली काजळाचे फराटे, बघायला आलेल्या बायका मागं सरकल्या होत्या. तू घाबरली नाहीस. "अव्वा, अव्वा" करत तू दोन्ही हात पुढं केलेस. आणि हडळीनं दोन्ही हात पुढं केले. दिग्दर्शकाला वाटलं, नायकाचा गळा धरतेय, म्हणून तो खूश झाला. तिच्या ओठांकडं बघ. "बा, बा" म्हणतेय ती. आपल्या घरातलं कन्नड, ये, ये. तुला बोलावतेय.

आता चित्र थांबव आणि खाली जमिनीकडं बघ. शेवटच्या शॉटला तिला कठड्यावरून खाली उतरवलं होतं. उतरतं ऊन आमच्या पाठीमागं होतं. आईची सावली तिच्यामागं विहिरीच्या भिंतीवर पडली आहे. आणि डाव्या बाजूनं जमिनीवर आणखी एक सावली आत आली आहे. ती येऊ द्यायची नसते. चांगल्या पिक्चरवाल्यानं तो शॉट फेकून दिला असता. यांच्याजवळची फिल्म संपली होती, म्हणून तसाच ठेवला. ती सावली माझी. त्या सावलीच्या कमरेपाशी नीट बघ. एक बारकं डोकं आहे आणि दोन बारके हात आहेत. ते हात लांब होऊन आईच्या पायाला लागले आहेत. आपल्या तिघांचा एकही फोटो नाही, काढू काढू म्हणत राहून गेला. आपण तिघं एकत्र आहोत ते एवढ्याच जागी, अकरा सेकंद. मला ते जाळता आलं नाही.

तू स्टँडवर विचारलंस, अव्वा भूत झाली व्हय? न्हाय, बाळ. भुताची सावली पडत न्हाय, हे बारक्या पोराला पण ठावं हाय. अख्खं थेटर चार दिवस ओरडून सांगत होतं, सावली पडली, सावली पडली. माझी पडली, तुझी पडली आणि तुझ्या आईची पण पडली.

वरील नऊ कलमं मी स्वतः लिहिली, गुरुजींकडून पुन्हा वाचून घेतली, दोन ठिकाणी थांबावं लागलं, पण बदल काही केला नाही. यापूर्वी मी दुसरं मृत्युपत्र केलेलं नाही आणि पुढं करायला दम पुरणार नाही. खालील दोघांच्या समोर मी सही केली आणि माझ्यासमोर त्यांनी केली.

सही : प्र. बा. आरबोळे

साक्षीदार
१. हंबीरराव दत्ताजी साळोखे, निवृत्त शिक्षक, उचगाव (सही)
२. धोंडुबाई ज्ञानू माने, घरकाम, उचगाव (डाव्या हाताचा अंगठा)

ठिकाण : उचगाव, बाहेरची खोली
दिनांक : ११ फेब्रुवारी २००८, सोमवार
वेळ : दुपारी पावणेबारा